काळ्या केळ्याची बाजू

नाश्त्याच्या वेळी मेसच्या टेबलावर केळी आली की पिवळीजर्द केळी पहिल्या पाच मिनिटांत संपतात. ज्यांच्या सालीवर तपकिरी ठिपके असतात ती मागे राहतात. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांचे डाग होतात, तिसऱ्या दिवशी साल काळवंडते आणि चौथ्या दिवशी ती केळी बादलीत जातात. सुटीत घरी गेल्यावरही बहुतेक घरांत हेच दिसते. कोणी हे मुद्दाम करत नाही. ‘खराब झाले’ एवढे दोन शब्द उच्चारले की चौकशी तिथेच संपते. त्या केळ्याच्या वतीने कोणी बोलत नाही, म्हणून या पानावर त्याची बाजू मांडावी म्हणतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काळ्या सालीचे केळे बहुतेक वेळा खराब झालेले नसते, ते वेगळ्या कामाला तयार झालेले असते. त्या कामांपैकी एक म्हणजे घरी भाजलेला केळ्याचा केक. आणि हा केक आपल्या शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने करता आला पाहिजे.

आधी विज्ञान पाहू. कच्च्या, हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका स्टार्च असतो. म्हणूनच कच्च्या केळ्याची भाजी बटाट्यासारखी लागते. केळे पिकू लागले की ते स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडते. या वायूमुळे गरातली विकरे कामाला लागतात आणि स्टार्चचे रूपांतर साखरेत होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च जेमतेम एक-दोन टक्के उरतो, बाकीची जागा साखरेने घेतलेली असते. पेशींना धरून ठेवणारे पेक्टिनही सैल होते, म्हणून गर मऊ पडतो. वासही वाढतो. केळ्याच्या त्या ओळखीच्या वासाचा मोठा भाग आयसोअमिल ॲसिटेट या द्रव्याचा असतो.

मग साल काळी का पडते? कापलेले वांगे किंवा सफरचंद उघडे ठेवले तर ते तपकिरी होते, तसेच हे आहे. सालीच्या पेशी थकून फुटू लागल्या की त्यांतल्या द्रव्यांचा हवेशी संबंध येतो आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर त्यांचा रंग गडद करते. गंमत अशी की हे थंडीनेही होते. केळे उष्ण प्रदेशातले. तापमान साधारण १३ अंशांखाली गेले की त्याची साल काळवंडते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेले केळे बाहेरून काळे दिसते, पण सोलून पाहिले तर आत गर पांढरा आणि घट्ट असतो. जबलपूरच्या जानेवारीतल्या रात्री बाहेर राहिलेल्या केळ्यांचेही हेच होते. मे महिन्यात मात्र इथला उन्हाळा त्यांना दोन दिवसांत खरोखरच पिकवून काळी करतो. रंग तोच, कारणे दोन. म्हणजे नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही, केळे सोलून बघावे लागते.

सोलून बघितल्यावर काय शोधायचे, तेही सांगतो. गर मऊ, पिवळसर किंवा थोडा तपकिरी असेल आणि वास गोड येत असेल तर ते केळे खाण्याजोगे आहे. गरावर किंवा देठाशी बुरशी दिसत असेल, आंबूस किंवा दारूसारखा वास येत असेल, साल फाटून पाणी सुटले असेल, तर ते सरळ खताच्या खड्ड्यात टाकावे. काटकसरीच्या नावाखाली नासलेले अन्न खाणे हा शहाणपणा नव्हे. अतिपिकलेले आणि नासलेले यांतला फरक डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकाने ओळखता येणे, इथपासूनच या केकची सुरुवात होते.

आता हे केळे कुठून येते ते पाहू. आपल्यापैकी जे सुटीला महाराष्ट्रात जातात त्यांना हा रस्ता पाठ असेल. जबलपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी इटारसीला वळते, खांडवा, बऱ्हाणपूर मागे टाकते आणि रावेरवरून भुसावळला पोहोचते. जबलपूरहून भुसावळ साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात, बऱ्हाणपूरपासून पुढे, खिडकीतून बाहेर पाहा. रुळांच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसतात. बऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशातला केळ्यांचा जिल्हा. पलीकडे जळगाव जिल्ह्यातले रावेर आणि यावल हे तालुके तर केळ्यांसाठीच ओळखले जातात. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दोन राज्यांची सीमा मध्ये असली तरी माती, पीक आणि बोली यांचे नाते या पट्ट्यात तुटलेले नाही.

केळीचे एक खोड आयुष्यात एकच घड देते. लागवडीपासून तो घड कापणीला यायला साधारण अकरा-बारा महिने लागतात. घड उतरला की त्या खोडाचे काम संपते आणि बुंध्याशी आलेल्या पिलावर पुढचे पीक घेतात. खानदेशात त्याला पिलबाग म्हणतात. वर्षभर पाणी, खत, राखण. त्यात उन्हाळ्यातले एखादे वादळ आले की घडांनी जड झालेली खोडे आडवी होतात आणि वर्षाची मेहनत एका संध्याकाळी जमिनीवर येते. यातून वाचलेला घड हिरवाच कापतात, तो गाडीत चढतो, पिकवण केंद्रात इथिलीनच्या हवेत पिवळा होतो आणि मग आपल्या टेबलावर येतो. ज्याला तयार व्हायला वर्ष लागले त्याचा निकाल आपण दोन सेकंदांत लावतो, तोही सालीवरच्या डागावरून. बाजारातही डागी मालाला भाव कमी मिळतो, आणि त्याची झळ शेवटी शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. गिऱ्हाईक म्हणून आपला डोळा जेवढा अडाणी, तेवढे शेतकऱ्याचे नुकसान जास्त.

भारत केळी पिकवण्यात जगात पहिला आहे. वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी आपण पिकवतो. दुसऱ्या बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ मधला अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नाही, घरांचा आहे. म्हणजे ही गोष्ट सरकारच्या हातात आहे त्याहून अधिक आपल्या स्वयंपाकघरांच्या हातात आहे.

केळे हाताशी नसते तेव्हा त्याची किंमत कळते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नोव्हेंबर १९४० मध्ये केळ्यांची आयात बंद केली. बोटी युद्धसामग्रीसाठी हव्या होत्या, फळे वाहायला त्या मोकळ्या नव्हत्या. युद्ध संपेपर्यंत तिथल्या कितीतरी मुलांनी केळे पाहिलेही नव्हते. घरोघरी बायका पार्सनिप नावाचे गाजरासारखे कंदमूळ उकडून कुस्करत, त्यात केळ्याच्या वासाचा अर्क घालत आणि ते पावावर लावून मुलांना देत. लष्करी शाळेतल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. रसद म्हणजे फक्त दारूगोळा नव्हे. बोटीत केळी भरायची की तोफगोळे, हाही रसदीचाच निर्णय असतो.

केळ्याचा केक आज जगभर जसा केला जातो तो मुख्यतः १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतला. मंदीचे दिवस होते, काही फेकणे परवडत नव्हते, आणि खायचा सोडा व बेकिंग पावडर घराघरांत पोहोचली होती. २०२० च्या टाळेबंदीत तोच केक पुन्हा जगभरच्या स्वयंपाकघरांत भाजला गेला. पण त्यामुळे तो आपला नाही असे समजण्याचे कारण नाही. पिकलेल्या केळ्याचा उपयोग आपल्याकडे कधीच नवा नव्हता. दूध-साखरेत केळे कुस्करून केलेली शिकरण घ्या. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा घ्या. सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर आणि त्यात पिकलेली केळी. केळे जितके पिकलेले तितका तो शिरा सुगंधी. गोवा आणि कारवारच्या पट्ट्यात अतिपिकलेल्या केळ्यांत पीठ मळून बन्स तळतात, ते तर खास काळ्या पडलेल्या केळ्यांसाठीच जन्माला आले आहेत.

ओव्हन नाही म्हणून आपल्या घरात कधी काही भाजले गेले नाही, हेही खरे नाही. कोकणात जून झालेल्या मोठ्या काकडीचे, म्हणजे तवशाचे, धोंडस करतात. किसलेले तवसे, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र करून जाड पातेल्यात घालायचे, पातेले चुलीवर ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. वरून आणि खालून आच. जून होऊन कोशिंबिरीला नकोशी झालेली काकडी, आणि तिचा केक. तत्त्व तेच आहे, फळ तेवढे बदलले आहे.

या केकवर तीन आक्षेप घेतले जातात. त्यातला पहिला मला सर्वांत वजनदार वाटतो. तीन केळी वाचवण्यासाठी पीठ, साखर, तेल, दही आणि पाऊण तासाचा गॅस खर्च करायचा, ही कसली बचत? हिशेब बरोबर आहे. केकच्या बाकीच्या साहित्याची किंमत केळ्यांच्या किमतीहून नक्कीच जास्त होते. म्हणूनच केक हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे. ठिपके पडले की केळे तसेच खावे, तेव्हा ते सर्वांत गोड असते. मऊ पडले की शिकरण करावी. अगदी काळे पडले आणि हातात धरवेना की मग केक. त्यापुढे खत. ही उतरंड पाळली तर आठवड्याला केक होणार नाही, महिन्यातून एखादा होईल. आणि घरात एरवी वाढदिवसाला किंवा पाहुण्यांसाठी विकतचा केक आणणारच असू, तर त्याच्या जागी हा केक आला की हिशेब बदलतो.

दुसरा आक्षेप मैदा आणि साखरेचा. त्याचे उत्तर केळ्यातच आहे. स्टार्चची साखर झालेली असल्यामुळे वरून घालायची साखर निम्म्याच्या आसपास आणता येते. मैद्याऐवजी घरची कणीकही चालते, केक थोडा जड होतो इतकेच. तरीही हा गोड पदार्थच आहे, हे विसरू नये. पीटीनंतर केळे खावे, केक नव्हे.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने घेत नाही, पण मुलांच्या चेहऱ्यावर तो दिसतो. केक भाजणे हे आपले काम आहे का? पलटणीच्या लंगरात शेकडो जवानांचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच करत आले आहेत. बर्फातल्या चौकीवर गरम जेवण पोहोचवणाऱ्या माणसाला कोणी कमी लेखत नाही. तेच काम घराच्या चार भिंतींत आले की ते फक्त आईचे कसे काय होते? ज्याला स्वतःचे जेवण करता येत नाही तो माणूस कायम दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर राहतो. लष्करी शाळेने मुलांना स्वावलंबन शिकवायचे असेल तर बूट पॉलिशबरोबर चूलही शिकवली पाहिजे.

आता कृती. तीन मोठी अतिपिकलेली केळी सोलून काट्याने कुस्करा, गर साधारण ३०० ग्रॅम भरला पाहिजे. त्यात पाऊण वाटी साखर (सुमारे १०० ग्रॅम), अर्धी वाटी तेल (सुमारे ८० मिलिलिटर) आणि तितकेच दही घालून फेटा. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम कणीक किंवा मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड चाळून घ्या. कोरडे मिश्रण ओल्यात घालून हलक्या हाताने, पीठ दिसेनासे होईपर्यंतच मिसळा. असतील तर अक्रोडाचे तुकडे घाला. तेल लावलेल्या भांड्यात ओतून १८० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये ४५ ते ५० मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे तापवा, मग केकचे भांडे आत ठेवून मंद आचेवर तासभर भाजा. विणकामाची सुई किंवा सुरीचे टोक खुपसून बघा, कोरडे बाहेर आले की केक झाला. गॅसजवळ लहान वर्गातल्या मुलांनी मोठ्यांशिवाय उभे राहू नये.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे आणि ते तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. दही आणि केळे किंचित आम्ल असतात. त्यांची सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. म्हणून मिश्रण तयार झाल्यावर ते गप्पा मारत ठेवून देऊ नये, वायू निघून जातो. पीठ जास्त घोटले तर गव्हातले ग्लुटेन ताणले जाते आणि केक रबरासारखा होतो. वीस मिनिटांत तीनदा झाकण उघडले तर उष्णता जाते आणि मधला भाग खाली बसतो. केक तुमचा हुद्दा विचारत नाही. माप चुकले, घाई केली, की ताटात पुरावा येतो.

जबलपूरमध्ये राहणाऱ्यांना तर ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. पुढे दारूगोळ्याचे आणि गाड्यांचे कारखाने आले. लष्कराचे मोठे भांडार इथे आहे. तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील याच कामात आहेत. भांडाराचा साधा नियम त्यांना विचारा: जो माल आधी आला तो आधी निघाला पाहिजे. नवा माल पुढे मांडला आणि जुना मागे ढकलला, तर मागचा सडतो. आपल्या मेसमधल्या टेबलावर आपण नेमका हा नियम मोडतो. रोज ताज्या केळ्यांकडे हात जातो आणि कालची केळी उद्याची बादली होतात.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. मेसच्या दाराशी एक टोपली ठेवावी. ठिपके पडलेली केळी रात्री त्यात जावीत आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर तीच आधी यावीत. त्यातूनही जी काळी पडतील ती महिन्यातल्या एका शनिवारी एका वर्गाच्या हवाली करावीत. पाळीपाळीने प्रत्येक वर्गाने, मुलांनी आणि मुलींनी मिळून, मेसच्या स्वयंपाक्यांच्या देखरेखीखाली केक करावा. सोबत एक वही असावी. टोपलीत किती केळी आली, किती खाल्ली गेली, किती केकमध्ये गेली, किती खतात गेली, एवढे चार रकाने पुरे. सहामाही संपली की ती वही मेस समितीपुढे ठेवावी. टोपली रोज भरत असेल तर त्याचा अर्थ आपण गरजेपेक्षा जास्त केळी मागवतो, आणि तो दोष केकने झाकता कामा नये.

या उपक्रमाचे खरे यश टोपली रिकामी राहण्यात आहे. विद्यार्थ्यांना केळे ओळखता आले, ठिपक्यांची भीती गेली आणि खरेदी नेमकी झाली, तर केकसाठी केळी उरणारच नाहीत. मग वर्गांची पाळी आली की सदर बाजारातून चार केळी मुद्दाम आणून ती काळी पडेपर्यंत राखत बसावे लागेल. ती राखण करायला माझे नाव आताच लिहून घ्या.